रंगरावाचे पाच अलंकार

केनवडच्या बाजारात रंगराव माळ्याचं दुकान शोधावं लागत नसे. जिथं गर्दी नाही तिथं रंगराव. त्याची भाजी वाईट होती असं नाही. वाडीतल्या विहिरीला बारमाही पाणी, मोटेचे बैल धष्टपुष्ट, आणि माणूस पहाटेपासून वाफ्यात वाकलेला. वांगं असं निघायचं की देठाचा काटासुद्धा ताठ. खोट होती ती रंगरावाच्या तोंडात. त्या तोंडातून खरं सोडून दुसरं काही निघतच नसे.

गिऱ्हाइकानं विचारावं, वांगी कशी आहेत. रंगराव म्हणायचा, वांग्यासारखी. गोड आहेत का विचारलं तर म्हणायचा, वांगं गोड कसं असेल. मग टोपलीत हात घालून स्वतःच दोन बाजूला काढायचा आणि सांगायचा, ही दोन किडकी आहेत आणि तिसऱ्याचा भरवसा नाही. गिऱ्हाईक त्याच्याकडे क्षणभर बघे आणि शेजारी गोजराबाईकडे जाई.

गोजराबाईची वांगी परवाची असायची, पण तिची जीभ ताजी होती. ‘लोणी घ्या लोणी, जांभळं लोणी,’ म्हणून ती अशी हाळी द्यायची की बाया टोपल्या घेऊन धावत यायच्या. एकदा तर रंगरावाला राहवलं नाही. एका म्हातारीला त्यानं हळूच सांगितलं की बाई, ते लोणी नाही, वांगंच आहे, तुमची फसगत होईल. त्या दिवशी गोजराबाईनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. रंगरावाला मात्र काही केल्या कळलं नाही की आपलं चुकलं काय.

बाजारात होतं ते होतं, पण घरीही तीच गत. छत्तीस सालच्या हिवाळ्यात त्याची बायको पंचफुला पोहरादेवीच्या जत्रेतून हिरव्या काठाचं लुगडं घेऊन आली. नेसून, पदर सावरून ती दारात उभी राहिली आणि विचारलं, कशी दिसते. रंगरावानं तिला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. विचार केला. मग म्हणाला, ‘पंचफुला दिसून राह्यली.’

चार दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. भाकर ताटात पडायची ती आवाज करून पडायची. पाचव्या दिवशी मोट हाकता हाकता रंगरावानं स्वतःशी कबूल केलं की लोकांना बोलता येतं ते आपल्याला येत नाही. जे येत नाही ते शिकावं लागतं. आणि शिकवायचं काम गावात एकाच माणसाकडे होतं.

भगवंतराव मास्तर गावच्या शाळेत चौथीपर्यंतचे वर्ग एकटेच सांभाळत. बायको वारून आठ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. जन्मभर त्यांनी एका गोष्टीवर जीव टाकला होता, ती म्हणजे काव्य. पण पोरांना पाढे आणि उजळणी शिकवण्यातच त्यांची हयात गेली. संध्याकाळी पोरं घरी गेल्यावर रंगराव मेथीची जुडी घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, ‘मास्तर, मले लोकायसारखं बोलाले शिकवा. जसं नाही तसं.’

मास्तरांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘रंगराव,’ ते म्हणाले, ‘तुम्हाला अलंकार पाहिजेत.’

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, रंगराव शाळेत जाऊ लागला. चाळिशीच्या माणसानं पाटीपुढे बसायचं, याची त्याला लाज वाटे. म्हणून तो मागच्या बाजूनं जाई आणि कोणाला काही सांगत नसे.

मास्तरांनी पहिल्या दिवशी उपमा दिली. एका गोष्टीला दुसरीसारखी म्हणायचं, ती उपमा. तोंड चंद्रासारखं. रंगरावानं लगेच अडवलं. चंद्राला डाग असतात, ते सांगायचे की नाही? मास्तर म्हणाले, नाही, त्यातला एकच गुण घ्यायचा आणि बाकीचे सोडून द्यायचे. रंगरावानं मास्तरांसाठी आणलेल्या मेथीतली दोन पिवळी पानं काढून टाकली. मग म्हणाला की कळलं, भाजी निवडल्यासारखं. मास्तर म्हणाले, शाबास, आत्ता तुम्ही जे बोललात तीच उपमा. रंगराव दचकून मागं बघू लागला.

पुढं उत्प्रेक्षा आली. तोंड म्हणजे जणू चंद्रच. मग रूपक. तोंड हाच चंद्र, सारखं नाही आणि जणू नाही. मग अतिशयोक्ती. तिचं तोंड उजाडलं म्हणून कोंबडे आरवले. मास्तर फळ्यावर लिहीत गेले आणि रंगराव डोकं खाजवत गेला. चौथ्या दिवशी त्याच्या डोक्यात एकदम लख्ख पडलं.

‘म्हंजे असं,’ तो म्हणाला. ‘उपमा म्हंजे दोन वाफे शेजारी शेजारी, मधात बांध. उत्प्रेक्षेत बांध पडाले आला. रूपकात बांधच गेला, एकच वाफा झाला. अन् अतिशयोक्ती म्हंजे मोटेचं पानी वाफा फोडून शेजाऱ्याच्या तुरीत शिरलं.’

मास्तरांच्या हातातला खडू खाली पडला. एवढी वर्षं काव्य वाचत होते, पण हे त्यांनाही असं कधी सुचलं नव्हतं. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.

पाचवा अलंकार श्लेष. तिथं मात्र गाडी रुतली. एका शब्दाचे दोन अर्थ. मास्तर समजावत होते की देवालाही भाव लागतो आणि दुकानदारालाही भाव लागतो, शब्द एकच. रंगरावाला ती लबाडी वाटे. एका मापानं दोन जिन्नस मोजल्यासारखं. तो म्हणाला, मास्तर, हा राहू द्या, चारात भागवतो. मास्तर म्हणाले, श्लेष मागून येत नाही, तो कधी तरी आपणहून येतो.

शिकलेलं वापरून पाहायची घाई मात्र रंगरावाला पहिल्याच आठवड्यात झाली होती. त्याचं एकच हक्काचं गिऱ्हाईक होतं, प्रेमाबाई. गावातल्या पूनमचंद शेठची बायको, किराण्याच्या दुकानामागेच त्यांचं घर. जैन घर, कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत नाही, आणि भाजीत अळी निघाली तर प्रेमाबाईंना दिवसभर अन्न गोड लागत नसे. त्यामुळे सगळ्या बाजारात त्यांचा विश्वास रंगरावावर. तो म्हणाला अळी नाही, म्हणजे नाही. बाई गोऱ्या, गोल चेहऱ्याच्या, गळ्याशी घट्ट बसणारा सोन्याचा हार घालणाऱ्या. त्या दोडके निवडत होत्या. सकाळचं ऊन तोंडावर पडलं होतं. रंगरावाच्या शेजारी त्या दिवशी तोडलेला भोपळा होता, दव पुसलेला, एक डाग नसलेला. असा भोपळा वर्षात एखादाच निघतो. रंगरावाचं मन भरून आलं.

‘बाई,’ तो म्हणाला, ‘तुमचं तोंड या भोपळ्यासारखं हाये.’

प्रेमाबाईंच्या हातातला दोडका टोपलीत पडला. गोजराबाई हाळी द्यायची थांबली. रंगरावाला वाटलं की साम्य कशात ते आपण उघड सांगितलं नाही, म्हणून बाईंना कळलं नाही. तेव्हा त्यानं भोपळा उचलून त्यांच्यापुढे धरला आणि गोल, तजेलदार आणि भरलेला, हे तिन्ही गुण एकेक करून दाखवले. प्रेमाबाई दोडके तिथंच टाकून निघून गेल्या.

मास्तरांनी ऐकलं तेव्हा कपाळाला हात लावला. म्हणाले, उपमान थोर असावं लागतं. रंगराव म्हणाला, मास्तर, तुम्ही तो भोपळा पाहिला नाही.

इकडे पंचफुलाला संशय आला होता. नवरा रोज संध्याकाळी कुठं तरी जातो. धोतराला पांढरी भुकटी लागलेली असते. मोट हाकताना एकटाच पुटपुटतो. एक दिवस तिनं हात पाय धुवायला पाणी देता देता विचारलं, कुठं जाता. रंगरावाला शाळा म्हणायची लाज वाटली, पण खोटं बोलता येत नव्हतं.

‘मास्तराकडून अलंकार घेऊन राह्यलो,’ तो म्हणाला.

पंचफुलाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. अलंकार हा शब्द तिला ठाऊक होता. पोहरादेवीला देवीच्या अंगावर सणाला घालतात ते अलंकार. ती जवळ सरकली.

‘किती देल्ले?’

‘आजवर चार. एक राह्यला हाये.’

‘कोनासाठी घेऊन राह्यले?’

‘तुह्यासाठीच त. अजून कोनासाठी?’

पंचफुला खाली बसली. मग हळू आवाजात विचारलं, ठेवले कुठं. रंगराव म्हणाला, डोक्यात. तिची नजर त्याच्या पटक्यावर गेली. आठ हात लांब पटका, त्यात काय काय मावेल. जड आहेत का, तिनं विचारलं. उपमा हलकी आहे, रंगराव म्हणाला, पण उत्प्रेक्षा लई जड, उचलता उचलत नाही. दाखवता का? बाजारात दाखवीन, सगळ्यांपुढे, तो म्हणाला.

त्या दिवशी पंचफुलानं कढी-फुणके केले. दुसऱ्या दिवशी पुरण घातलं. भाकर ताटात आवाज न करता पडू लागली. रंगराव मनात म्हणाला, मास्तर खरा गुणी माणूस, अलंकार अजून वापरलेही नाहीत आणि गुण यायला लागला.

पंचफुलानं सगळा हिशोब मनाशी जुळवला होता. मास्तर विधुर, मूल ना बाळ. बायकोचे दागिने पेटीत पडून असतील. नवरा रोज त्यांना भाजी पोचवतो. मोठ्या मनाचा माणूस, देऊन टाकले असतील. रंगराव आंघोळीला बसला असताना तिनं पटका चाचपूनही पाहिला होता. काही लागलं नाही. त्यावरून तिनं ठरवलं की त्यानं जागा बदलली. इतकी मोठी गोष्ट पोटात ठेवून तिला झोप येईना. मग तिनं ती एकट्या गोजराबाईला सांगितली, आणि तुळशीची आण घालून सांगितलं की कोणाला बोलू नको.

गोजराबाईनं कोणालाही सांगितलं नाही, फक्त बायांना सांगितलं. तिच्या तोंडून निघताना चाराचे चौदा झाले. उपमा नाकात घालायची असते आणि तिला तीन मोती असतात. उत्प्रेक्षा कमरेला बांधतात, म्हणून तर जड. रूपक हे गळ्यातलं. अतिशयोक्ती राण्याच घालतात, ती पायापासून डोक्यापर्यंत असते. तिसऱ्या दिवशी सकाळी भगवंतराव मास्तरांच्या दारात अकरा बाया भाज्या घेऊन उभ्या होत्या. कोणी घोळ, कोणी अंबाडी, कोणी चवळीच्या शेंगा. मास्तरांना वाटलं की गावात काव्याची गोडी लागली. त्यांनी सगळ्यांना येत्या रविवारी बोलावलं आणि म्हणाले की प्रत्येकीला मिळतील, कमी पडणार नाहीत.

आता पूनमचंद शेठच्या घरी काय चाललं होतं, तेही सांगायला हवं. भोपळ्याच्या दिवसापासून प्रेमाबाईंच्या गळ्यातला हार दिसेनासा झाला होता. शेठच्या लक्षात आल्यावर त्यांनी विचारलं. प्रेमाबाई गडबडल्या आणि म्हणाल्या, सापडत नाही. शेठ मुळात घाबरट स्वभावाचे. चार दिवस त्यांनी घर उलटं-पालटं केलं. तेवढ्यात दुकानात मीठ घ्यायला आलेल्या बायांकडून कळलं की रंगराव माळ्याच्या पटक्यात चौदा दागिने आहेत, आणि त्यात एक गळ्यातला. शेठनी तराजू खाली ठेवला. रंगराव चोरी करील हे त्यांना पटत नव्हतं, पण हार जागेवर नव्हता हेही खरं होतं. त्यांनी ठाण्यात निरोप धाडला.

किसनसिंग जमादार दुसऱ्या दिवशी सकाळीच घोड्यावरून आला. जमादार म्हणजे मिशा, आणि मिशांच्या मागं उरलेला माणूस. चावडीपुढं त्यानं खाट टाकली, कागद-दौत मांडली आणि रंगरावाला बोलावणं पाठवलं. बातमी वाऱ्यासारखी पसरली. माणसं औत सोडून आली. बाया भिंतीच्या कडेनं उभ्या राहिल्या, त्यात गोजराबाई सगळ्यात पुढं, पंचफुला सगळ्यात मागं आणि प्रेमाबाई मधे, गळ्याशी पदर आवळून.

‘तुह्यापाशी अलंकार हायेत?’ किसनसिंगनं विचारलं.

‘हायेत साहेब. पाचातले चार.’

किसनसिंग खाटेवर सरसावून बसला. इतक्या सरळ कबुलीची त्याला सवय नव्हती. ‘कोनी देल्ले?’

‘मास्तरानं.’

‘मास्तरानं कुठून आनले?’

रंगरावाला मास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ‘संस्कृतातून आनले म्हनते.’

‘हा संस्कृत कुठचा राहनारा?’

रंगरावानं प्रामाणिकपणे सांगितलं की ते काही ठाऊक नाही, पण लई जुना आहे. किसनसिंगनं कागदावर लिहिलं: संस्कृत, वय बरंच, राहणार अज्ञात. मग त्यानं हुकूम केला की पटका सोड. आठ हात पटका सगळ्या गावादेखत उलगडला गेला. त्यातून तंबाखूची चंची पडली, मेथीच्या बियांची पुडी पडली, आणि बाकी काही नाही. पंचफुलानं मान खाली घातली.

तेवढ्यात मास्तर आले, शाळेतून तसेच, बोटांना खडू लागलेला. किसनसिंगनं विचारलं, तुम्ही याला अलंकार दिले हे खरं का? मास्तर म्हणाले, दिले, अजून अकरा जणींना द्यायचे आहेत. गर्दीत खळबळ उडाली. मग मास्तरांच्या हळूहळू लक्षात आलं की जमादार कशासाठी आला आहे आणि दारात भाज्या का येत आहेत. ते खाटेच्या टोकावर बसले. त्यांनी सांगितलं की हे अंगावर घालायचे दागिने नाहीत, बोलण्यावर घालायचे आहेत.

किसनसिंगनं मिशीवरून हात फिरवला. वीस वर्षांच्या नोकरीत त्यानं चोरीचा माल विहिरीत लपवलेला पाहिला होता, गंजीत लपवलेला पाहिला होता. बोलण्यात लपवलेला पाहिला नव्हता. तो म्हणाला, असे असतील तर काढून दाखव, एकेक करून, पंचांदेखत.

रंगराव उघड्या डोक्यानं उभा होता. थोर उपमान शोधायला हवं, एवढं त्याला आठवत होतं. त्यानं इकडं तिकडं पाहिलं. समोर दुसरं काहीच नव्हतं, फक्त मिशा होत्या.

‘जमादार साहेबाच्या मिशा कोथिंबिरीच्या जुडीसारख्या दाट हायेत. ही उपमा,’ तो म्हणाला.

कोणी हसलं नाही. सगळे किसनसिंगकडे बघत होते. किसनसिंग विचारात पडला होता की यात अपमान कुठं आहे.

‘साहेबाच्या मिशा म्हंजे जनू कोथिंबिरीची जुडीच. ही उत्प्रेक्षा. साहेब, ओठावरची कोथिंबीर जरा वर घ्या, तुमचं बोलनं आयकू येत नाही. हे रूपक झालं, यात मिशांचं नावच नाही घेतलं.’ इथं मास्तर काही तरी सुधारणार होते, पण थांबले. ‘अन् साहेबानं परवा रिसोडले मिशी झटकली, त इकडं केनवडात घरोघरच्या वरनावर कोथिंबीर पडली. ही अतिशयोक्ती.’

आता मात्र मागच्या बाजूनं एक म्हातारा खोकल्यासारखं करून हसला, आणि मग गाव हसलं. किसनसिंगनं दौत आपटली. उपमा चालेल, तो म्हणाला, पण हे चौथं सरळ सरळ खोटं आहे. सरकारी माणसापुढं खोटं बोलणं गुन्हा आहे.

मास्तर उभे राहिले. त्यांनी सांगितलं की ऐकणाऱ्याला फसवायला बोलतात ते खोटं. अतिशयोक्ती बोलणाऱ्यालाही ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही. कोणाच्या घरी वरणावर कोथिंबीर पडली नाही, हे साहेबांना ठाऊक आहे, रंगरावांना ठाऊक आहे आणि इथं प्रत्येकाला ठाऊक आहे. तरी साहेबांची मिशी केवढी आहे ते सगळ्यांना कळलं. गोजराबाई लगेच म्हणाली की मग आपलं जांभळं लोणीसुद्धा खोटं नव्हतं. रंगरावानं तिच्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांनी त्याला कळलं की त्या म्हातारीला ते वांगंच असल्याचं आधीपासून ठाऊक होतं. त्याला फार वाईट वाटलं.

किसनसिंग मात्र हटायला तयार नव्हता. त्यानं बोटं मोजली. ‘हे झाले चार. तू पाच म्हनतो. पाचवा काढ.’

‘पाचवा अजून हाती आला नाही साहेब.’

‘म्हंजे पाचवाच तो हार. शेठच्या घरचा हार गेला हाये. सच बोल, हार कुठी हाये?’

रंगरावाला हार म्हणजे काय विचारताहेत तेच पुरतं कळलं नाही. हार कुठं आहे, एवढंच त्यानं ऐकलं. आणि जे खरं होतं ते त्यानं सांगितलं.

‘हार त माह्या घरीच असते साहेब. रोज असते. पंचफुला बोलाले लागली का मी मानतो.’

मग मास्तरांनी दोन्ही हात वर केले आणि खडूचा धुरळा उडवत म्हणाले, श्लेष, हा श्लेष. मग तर चावडीच्या भिंतीवरची चिमणी उडाली इतकी माणसं हसली. पंचफुलानं तोंडात पदर कोंबला. किसनसिंगनं दोनदा मनातल्या मनात ते वाक्य म्हणून पाहिलं. दुसऱ्या वेळेला त्याच्या मिशा हलायला लागल्या. बायको त्यालाही होती.

सगळे हसत होते, फक्त प्रेमाबाई हसत नव्हत्या. त्या गर्दीतून पुढं आल्या आणि नवऱ्याला बाजूला घेऊन काही तरी सांगू लागल्या. शेठना कमी ऐकू यायचं. त्यामुळे ते मोठ्यानं काय, काय म्हणत राहिले आणि बाईंना शेवटी सगळ्यांदेखत सांगावं लागलं. हार कुठं गेला नव्हता. मुगाच्या डब्यात होता. त्यांनीच काढून ठेवला होता. गळ्याशी घट्ट बसणाऱ्या हारानं तोंड जास्त गोल दिसतं, असं त्यांना भर बाजारात कळलं होतं. का काढला हे नवऱ्याला सांगायची लाज वाटली, म्हणून सापडत नाही म्हटलं.

‘कोनी म्हनलं?’ शेठनी विचारलं.

रंगरावानंच हात वर केला. तो पुढं होऊन म्हणाला की बाई, माझं साम्य बरोबर होतं, पण मी चुकीच्या बाजूनं दाखवलं. तुमच्यासारखं बिनडाग माणूस गावात नाही, एवढंच मला म्हणायचं होतं, आणि ते भोपळ्याशिवायही म्हणता आलं असतं. हे मात्र त्यानं कोणताही अलंकार न वापरता सांगितलं. प्रेमाबाई म्हणाल्या, असू दे, आणि दोडके आहेत का विचारलं.

किसनसिंगला आता वर काही तरी लिहून पाठवणं भाग होतं. नुसतं परतावं तर दिवसभराच्या भत्त्याचं काय. त्यानं बराच वेळ दौतीत टाक बुडवला आणि लिहिलं की केनवड मुक्कामी पाच अलंकार आढळून आले, वजन काही नाही, ते ज्याचे त्यास जागीच परत केले, संस्कृत याचा तपास चालू. त्या कागदाचं वर काय झालं ते गावाला कळलं नाही. पण पुढचे दोन महिने किसनसिंग कोणाला दिसला नाही, आणि आला तेव्हा मिशा थोड्या आखूड होत्या.

पंचफुला मात्र चावडीवरून सरळ घरी गेली होती. रंगराव मागून पोचला तेव्हा ती चुलीपुढं बसली होती, चूल पेटलेली नव्हती. गावभर झालं ते तिच्याच तोंडून सुरू झालं होतं. नाकात, कमरेला, गळ्यात काय घालायचं, ते तिनं मनात कितीदा घालून पाहिलं होतं. रंगराव खाली बसला. त्याच्या डोक्यावर पटका नव्हता, तो चावडीवरच राहिला होता.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, ‘आता जमादाराच्या मिशांले चार अलंकार घातले. माह्यासाठी घेतले म्हनत होते ना. माहा कोनता?’

रंगरावानं विचार केला. चंद्र त्याला नको होता, चंद्राशी त्याची ओळख नव्हती. ‘तू म्हंजे आपल्या विहिरीचा झरा,’ तो म्हणाला. ‘उन्हाळ्यात बी आटत नाही. थो हाये म्हनून वाडी हाये.’

पंचफुलानं त्याच्याकडे रोखून पाहिलं. ‘म्हंजे माहं तोंड कधी बंद होत नाही, असंच ना?’

रंगराव खोटं बोलू शकत नव्हता. ‘थे बी हाये,’ तो म्हणाला.

तिनं फुंकणी उचलली. रंगराव अंग चोरून बसला. पण तिनं ती राखेतल्या निखाऱ्यांशी धरली आणि फुंकू लागली. फुंकता फुंकता तिचे खांदे हलत होते. धुरानं की कशानं, ते पाठमोऱ्या बाईचं सांगता येत नाही. थोड्या वेळानं तिनं भाकरी थापायला घेतली आणि न वळताच विचारलं की ती जड असते ती उत्प्रेक्षा, ती कशी करायची, पुन्हा सांगा.

पुढच्या बाजारात टोपलीमागं दोघं बसली. पंचफुला हिरव्या काठाचं लुगडं नेसून पुढं, रंगराव तराजू घेऊन मागं. पंचफुलाला शिकायला दोन दिवससुद्धा लागले नव्हते. मास्तर म्हणाले, हिला अलंकार आधीच येत होते, फक्त नावं ठाऊक नव्हती. तिनं हाळी दिली की आमच्या मिरच्या तोडायला गेलेल्या बाईचा नवरा अजून पाणी मागतो आहे, आमची वांगी पाहून शेजारणीची वांगी लाजून जांभळी झाली. गोजराबाईनं टोपली उचलून चार जागा पलीकडं नेली आणि तिथून उलट हाळी दिली. मग दोघींची जुंपली, आणि दुपारपर्यंत केनवडच्या बाजारात भाजी घेणाऱ्यांपेक्षा ऐकणारे जास्त झाले.

शेलूबाजाराकडून आलेला एक परका माणूस अर्धी टोपली वांगी निवडून उभा राहिला आणि रंगरावाकडे वाकून विचारू लागला की ही बाई सांगते ते खरं आहे का.

रंगरावानं काटा नीट केला. ‘वांगे खरे हायेत,’ तो म्हणाला. ‘बाकीचं तिलेच इचारा.’